आतून कल्हई केलेला टोप

सिरसाळ्यात हरिबांच्या समुद्रावर कुणाचाच विश्वास नव्हता. पेन्शन येते म्हणजे नौदलातली नोकरी खरी, पण काम भटारखान्यातलं, असं गावानं ठरवून टाकलं होतं. डोक्यावर पाणबुड्याचा तांब्याचा टोप चढवून हरिबा समुद्राच्या तळावर चालायचे, हे ऐकलं की गुडघ्यापेक्षा खोल पाणी न पाहिलेली मंडळीही टाळ्या द्यायची. "टोपात भात शिजतो, काका!"

बायको सरस्वतीबाई गेल्यापासून खरं मानणारा एकच उरला होता, परळीचा भंगारवाला चाँद. तो दर गुरुवारी यायचा, चहा घ्यायचा आणि पाण्याखालचं ऐकत बसायचा. त्या एका दिवसासाठी हरिबा बाकीचे सहा ढकलायचे.

परवा चाँद टेम्पोतून तसला टोपच घेऊन आला. कुठल्याशा बंद पडलेल्या हॉटेलच्या भंगारात सापडलेला. गोल काचा, पितळी पेच, पुढं इंग्रजी पाटी. बघता बघता अर्धं गाव जमलं. सरपंच अर्जुनराव म्हणाले, "हरिबा, खरा हाय असं तुमी म्हणा. पंधरा ऑगस्टला शाळेत ठिवू, खाली तुमचं नाव टाकू."

पन्नास वर्षं हरिबांना हेच हवं होतं.

त्यांनी टोप उलटा केला. आत कोरी कल्हई चकाकत होती. "मीच लावून आणली," चाँद खुशीत कुजबुजला. "तुमीच बोललते ना, असली टोपाला आतून कल्हई असती?" हरिबांना हसू आलं आणि भरूनही आलं. टोपावर आणि तो खांद्यावर ज्यावर बसतो त्या गळपट्टीवर एकच नंबर ठोकलेला असतो, तो कुठं दिसेना. झिजला असेल, त्यांनी मनाची समजूत घातली. मग मागच्या हवेच्या नळीला तोंड लावून जोरात फुंकलं. गाल फुगले, पण हवा पुढं सरकेना. नळीला भोकच नव्हतं, ती नुसती शोभेला डकवलेली होती.

हो म्हटलं असतं तर कुणाला कळणार होतं?

"खोटा हाय," हरिबा म्हणाले. "ह्यात माणूस गुदमरून मरंल."

"मंग भातच शिजवा!" कुणीतरी ओरडलं आणि गाव हसत पांगलं.

चाँदनं टोप टेम्पोत ठेवला. तो रागावला नव्हता, उलट त्याचा आवाज फार मऊ झाला होता. "पाटीवर नेव्ही लिवलंय, तरी वळखला न्हाई तुमी. काका, खरं सांगा, भटारखान्यातच व्हते ना? मी कुनाला बोलनार न्हाई."

समुद्राच्या तळावरही हरिबांना इतकं एकटं कधी वाटलं नव्हतं. तिथं निदान वर दोरी धरून कुणीतरी असायचं. ते टेम्पोतल्या टोपाची काच बाहीनं पुसत राहिले. चाँदनं समजल्यासारखी मान हलवली आणि टेम्पो चालू केला.