आत्या लाइनवर होती

आमच्या आत्याने एकतीस वर्षं एका मोठ्या कंपनीच्या मुख्य ऑफिसात टेलिफोन ऑपरेटर म्हणून काढली. तळमजल्यावर, जिन्याखालच्या खोलीत तिचा बोर्ड होता. खोलीला खिडकी नव्हती. पंखा होता, पण तो खडखडतो म्हणून ती तो भर उन्हाळ्यातही बंद ठेवायची. वरच्या चार मजल्यांवरच्या निम्म्या लोकांनी तिचं तोंडही पाहिलं नव्हतं. पण जिन्यात ती नुसती "जरा वाट देता का?" म्हणाली, की भलेभले साहेब भिंतीला चिकटून उभे राहायचे. आवाज ओळखीचा होता ना!

या खोलीत तिचा स्वतःचा एक नियम होता. साहेब दुसऱ्या फोनवर असले की फोन करणाऱ्याला थांबवून ठेवावं लागे. पण आत्या त्याला मुक्या लाइनवर टांगून ठेवत नसे. दर अर्ध्या मिनिटाने परत यायची आणि म्हणायची, "लाइनवर आहात ना? मी आहे." एवढंच. असं दिवसातून शे-दोनशे वेळा. कंटाळा येत नाही का, असं मी एकदा विचारलं होतं.

"माणूस थांबायला तयार असतो रे, ठोंब्या," ती म्हणाली. ठोंब्या म्हणजे मी. "आपल्याला विसरले असं वाटलं, की मग तो फोन आपटतो. आणि एक लक्षात ठेव. एकदा 'मी आहे' म्हटलं की जागचं उठायचं नाही. पाणी प्यायलासुद्धा नाही."

मग कंपनीत यंत्र आलं. अमक्यासाठी एक दाबा, तमक्यासाठी दोन दाबा. आत्याला निवृत्तीच्या दोन वर्षं आधीच घरी पाठवलं. दुसऱ्या दिवशी तिने घरून त्या यंत्राला फोन लावला आणि अकरा मिनिटं कानाला लावून बसली. "गाणं बरं लावलंय," ती आम्हाला म्हणाली, "पण तिथे कोणी नाहीये." राग नाही, काही नाही. शेजारचं घर रिकामं झाल्याचं सांगावं तसं सांगितलं.

आता माझ्याबद्दल सांगायला हवं, आणि ते जिवावर येतंय. मी औषधांच्या कारखान्यात पॅकिंग तपासतो. फोन गेटवरच्या लॉकरमध्ये ठेवून आत जायचं आणि संध्याकाळी घ्यायचा. बाहेर मला कोणी विचारत नाही. पण एका ऑनलाइन खेळात मी साठ जणांच्या टोळीचा सरदार आहे. प्रत्येकाने एक पात्र घ्यायचं, कोणी तलवार चालवायची, कोणी जादू करायची, आणि मिळून मोहिमेवर जायचं, असा तो खेळ. आत्याचे यजमान गेले, उजव्या डोळ्याला अंधूक दिसायला लागलं, बाहेर जाणं कमी झालं, तेव्हा मी माझा जुना कॉम्प्युटर तिच्या घरी नेऊन मांडला आणि तिला टोळीत घेतलं. त्याबद्दल मी स्वतःची पाठही भरपूर थोपटून घेतली होती.

आत्याने वैद्याचं पात्र घेतलं. लढाई तिला कधी कळली नाही. जखमी माणूस दिसला की भर रणधुमाळीत त्याच्याजवळ जाऊन आधी "फार लागलं का हो?" असं विचारायची. तोवर तो बिचारा मरायचा. पण महिन्याभरात साऱ्या टोळीची ती 'ऑपरेटरबाई' झाली. कोणाची परीक्षा कधी, कोणाची कंबर धरलीय, कोणाचं घरात बिनसलंय, हे सगळं तिला पाठ. पेन्सिल दोऱ्याने टेबलाला बांधलेली, शेजारी वही. जिन्याखालचीच खोली पुन्हा थाटली होती म्हणा ना.

सरदाराला मात्र या बोलण्याचा वैताग. साठ जणांचे नमस्कार, साठ जणांचे प्रश्न, आणि उत्तर नाही दिलं की फुगून बसायचं. मग कोणीतरी मला एक अ‍ॅड-ऑन दिलं. ते खेळाला जोडायचं, त्यात आपली वाक्यं भरून ठेवायची. आपण नसताना कोणाचा निरोप आला की ते त्यातलं एखादं वाक्य उचलून पाठवतं, तेही आठ-दहा सेकंद थांबून, म्हणजे माणूसच टाइप करतोय असं वाटावं. शेवटी आपण समोरच्याला ठेवलेलं नावही लावतं. मी बारा वाक्यं भरली. 'वा, झकास! अशीच साथ दे', 'तुझ्यासारखी माणसं हवीत', असली. कोणी प्रश्न विचारला तर त्यासाठी बारावं, वेगळं: 'तुला योग्य वाटेल ते कर. मी आहे.' हे वाक्य कुठून सुचलं, हे मला भरतानाच ठाऊक होतं. भारदस्त वाटलं, ठेवून दिलं.

आत्याला यातून वगळावं, असं मनात आलं होतं. उद्या करू म्हटलं. तो उद्या चार महिने आला नाही. माझ्या घरचा कॉम्प्युटर दिवसभर चालू, आत्या दुपारभर लिहितेय, आणि अ‍ॅड-ऑन तिला उत्तरं देतंय. संध्याकाळी घरी आलो की शंभर-दीडशे निरोप पडलेले असत. मोहिमेचे तेवढे वाचायचो, बाकीचे सरकवून द्यायचो. मध्ये एका घरगुती कार्यक्रमात आत्या सगळ्यांसमोर म्हणाली, "कारखान्यात एवढं काम, पण माझा ठोंब्या दहा सेकंदांत उत्तर देतो हो!" बायकोने माझ्याकडे पाहिलं. मी हसलो. तोंड वर करून हसलो.

एका बुधवारी संध्याकाळी लॉकरमधून फोन काढला तर एकाच अनोळखी नंबरचे चार मिस्ड कॉल. असे नंबर मी उचलत नाही आणि परत लावतही नाही. घरी येऊन खेळ उघडला. सगळ्यात वर आत्याचा निरोप होता.

'ठोंब्या, पोचले घरी. तू मनाला लावून घेऊ नकोस. निघता आलं नसेल. डॉक्टर सहा आठवड्यांनी दुसरी तारीख देतायत.'

आणि त्याच्याखाली मी, म्हणजे माझं अ‍ॅड-ऑन: 'वा, झकास! अशीच साथ दे, आत्या.'

मागे जाऊन आठ दिवसांपूर्वीचं वाचलं. तिने लिहिलं होतं, 'उजव्या डोळ्याचं ऑपरेशन ठरलंय. बुधवारी सकाळी आठला. सही करायला आणि घरी आणायला जवळचं माणूस लागतं म्हणतात. तुला जमेल का? जमत नसेल तर तारीख पुढे घेते, माझं काही अडत नाही.' खाली उत्तर: 'तुला योग्य वाटेल ते कर. मी आहे, आत्या.'

नंतर कळलं, ती आठला जाऊन बसली होती. डोळ्यांत थेंब घालून झाले होते. सिस्टरने चार वेळा माझा नंबर फिरवला. एक वाजता तिचा नंबर पुढच्या पेशंटला दिला. त्या थेंबांनी डोळ्यांसमोर सगळं पांढरं झालेलं असताना आत्या येणाऱ्या जाणाऱ्याला बसचा नंबर विचारत एकटी घरी आली.

बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "मी गेले असते की. मला नुसतं सांगायचं होतंस. पण सांगायला आधी वाचावं लागतं."

तरी मी त्याच संध्याकाळी धावत गेलो असेन, असं कोणाला वाटलं तर तो त्याचा चांगुलपणा. मी फोन केला आणि खोटं बोललो. "अचानक साहेबांनी बोलावलं गं." "मला वाटलंच," आत्या म्हणाली. "मी सिस्टरला म्हटलं, तो येतो म्हणालाय म्हणजे वाटेत असेल." फोन ठेवल्यावर मी अ‍ॅड-ऑन काढून टाकलं आणि चार महिन्यांचं सगळं वाचायला बसलो. माझ्या वडिलांच्या लहानपणीच्या गमती होत्या. यजमानांचा चष्मा अजून टाकवत नाही, असं होतं. 'तुला कंटाळा येत असेल माझ्या बडबडीचा,' असंही होतं. त्यावर उत्तर होतं, 'तुझ्यासारखी माणसं हवीत, आत्या.' मेल्याहून मेल्यासारखं झालं.

रविवारी दुपारी तिच्या घरी गेलो. वहीत नवी तारीख बोटभर उंच अक्षरांत लिहिली होती. मी उभ्याउभ्याच सगळं सांगून टाकलं, खालमानेने. ऐकताना आत्या दोऱ्याची पेन्सिल बोटांत फिरवत होती.

"किती वाक्यं होती?" तिने विचारलं.

"बारा."

"म्हण बघू."

"आत्या, नको ना."

"म्हण. मी ऐकलेली नाहीत, वाचलेली आहेत."

शाळेत कविता म्हणावी तसा मी म्हणत गेलो. माझाच आवाज मला ऐकवेना. ती डोळे मिटून, मान थोडी कलती करून ऐकत होती, बोर्डावर ऐकायची तशी. 'तुझ्यासारखी माणसं हवीत' झाल्यावर म्हणाली, "हे मला आवडायचं." बारावं मी पुटपुटलो. तिने डोळे उघडले.

"तेवढं एक काढ," ती म्हणाली. "बाकीची राहू देत. लोकांना बरं वाटतं."

"मी सगळंच काढून टाकलंय."

"बरं केलंस," ती म्हणाली आणि चहा टाकायला उठली. ती रागावली असती तर मला सोपं गेलं असतं.

सहा आठवड्यांनी मी रजा टाकली. सात वाजताच तिच्या दारात हजर. सही केली, फॉर्मवर नातं लिहिलं, तिची पिशवी मांडीवर घेऊन बाकावर तिच्या शेजारी बसलो. सिस्टरने थेंब घातले. आत्याला आता समोरचं काही दिसत नव्हतं. ती ताठ बसली होती, हात मांडीवर. कोणीतरी आपल्यापाशी आहे हे तिला कळावं, म्हणून मला काहीतरी बोलायला हवं होतं. तीन शब्दही नव्हते, दोनच. जिभेवर आले आणि मी ते गिळले. त्याऐवजी खोकलो. अर्ध्या मिनिटाने पुन्हा खोकलो.

"घसा बिघडलाय का?" आत्याने विचारलं.

"नाही."

"मग बोल की काहीतरी."

मी कॅलेंडरवरची तारीख वाचून दाखवली. भिंतीवरच्या पाट्या वाचल्या, चप्पल काढण्याच्या आणि शांतता राखण्याच्या. ती "हं, हं" करत राहिली. तेवढ्यात आतून सिस्टर आली.

"चला आजी. सोबत कोण आहे?"

"भाचा आहे," आत्या म्हणाली. मग तिने आवाज खाली आणला, बोर्डावर साहेबांविषयी बोलताना आणायची तसा, आणि सिस्टरला विचारलं, "जरा बघता का हो, बसलाय ना तो अजून इथे?"

पिशवी मांडीवर घेऊन मी तिच्यापासून हातभर अंतरावर बसलो होतो, आणि हे तिने मला विचारलं नाही.