शेजाऱ्याची व्याख्या

येरमाळ्याच्या स्टँडवर माझ्या वडिलांनी, अण्णांनी, माझी बॅग एसटीत चढवली आणि गाडी सुटायच्या आतच ते माघारी निघाले. शेजारच्या रानातल्या महादूकाकांचा फोन होता, लाइट आली म्हणून. आमच्या डीपीला, म्हणजे शिवारातल्या ट्रान्सफॉर्मरला, सगळ्यांच्या विहिरीवरच्या मोटारी एकदम झेपत नाहीत, म्हणून शिवारातल्यांनी पाळ्या लावून घेतल्या होत्या. "माझी पाळी हाय, बाई. म्या उशीर केला तर मागचे खोळंबत्यात," एवढंच म्हणाले. पहिल्यांदा पुण्याला निघालेल्या लेकीपेक्षा यांना मोटार जवळची! बार्शी येईपर्यंत मी रडत होते.

आता पुण्यात मी सॉफ्टवेअर तपासते. आमची कंपनी पाण्याच्या मोटारीचा ऑटो स्विच बनवते. लाइट आली की मोटार आपोआप सुरू. त्यातल्या प्रत्येक भागानं नेमकं काय करायचं हे गणितासारखं काटेकोर लिहिलेलं असतं, त्याला स्पेसिफिकेशन म्हणायचं. लाइट येताच मोटार सुरू व्हावी, असं त्यात आहे. तशी ती होते. टेस्ट पास.

लेकीच्या कंपनीचा म्हणून अण्णांनी हौसेनं ऑटो बसवला. मग महादूकाकांनी, मग सगळ्यांनीच. पाळ्या मोडल्या. एका दुपारी लाइट आली, सगळ्या मोटारी एकदम उठल्या आणि डीपी जळाली. कांदा ऐन पोसायच्या वेळी शिवाराला पाणी नाही. "तुझ्या मशिनीचं काय चुकलंय ते बघ की," अण्णा फोनवर म्हणाले. काय सांगणार? काहीच चुकलं नव्हतं, हीच तर डोकेदुखी.

मी बग नोंदवला. स्पेसिफिकेशनप्रमाणेच आहे म्हणून मॅनेजरनी तो बंद केला. मी पुन्हा उघडला, त्यांनी पुन्हा बंद केला. शेवटी म्हणाले, मग स्पेसिफिकेशन बदलून मागा. मी लिहिलं, शेजाऱ्याची मोटार सुरू होत असेल तर थांबावं. उलट विचारणा आली: शेजारी म्हणजे कोण? व्याख्या द्या. गाव सोडून आलेल्यांनो, तुम्हीच सांगा, याला काय म्हणावं? आणि वैताग असा की मीही अडले. माझ्या फ्लॅटसमोर कोण राहतं, मला ठाऊक नाही.

नवी डीपी अजून यायचीय. अण्णांनी ऑटो काढून ठेवला. ती आली की पुन्हा पाळ्यांनीच, असं शिवारात ठरलंय.

आज मी व्याख्येचा रकाना भरून टाकला: ज्याचं पाणी अडू नये म्हणून माणूस लेकीची एसटी हलायच्या आधी निघून जातो, तो शेजारी. हे टेस्ट करता येत नाही म्हणून मॅनेजर परत पाठवतील. पाठवू देत. घर म्हणजे काय असं कुणी विचारलं तरी माझ्याकडं आता हेच उत्तर आहे. अण्णांवरचा त्या दिवसाचा राग मात्र अजून गेलेला नाही.