मायचा शॉट

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, मध्येच हसलात तर मला पुढचं सांगता येत नाही. आता काय आणि कुठून सांगू तुम्हाला! माझ्या हातून जे झालं ते सिनेमा शिकलेल्या माणसाच्याच हातून होऊ शकतं. साध्या माणसाला इतका बावळटपणा जमायचाच नाही.

तर मी पुण्यात सिनेमा शिकतो. घर आमचं संतपूरला, औराद तालुक्यात. गाव कर्नाटकात, घरात मराठी, शेजार कानडी आणि पोरगं पुण्यात, असा आमचा कारभार.

सिनेमा 'शिकतात' म्हणजे काय करतात, हे गावात अजून कुणाला पटलेलं नाही. अप्पा, म्हणजे माझे वडील, सोयाबीन घालायला अडतीवर गेले की कुणीतरी विचारतंच, "पोरगं हिरो कवा व्हायचंय?"

अप्पा सांगतात, "हिरो न्हाई. त्ये मागं उभारून दुसऱ्याला सांगणारं व्हायलाय."

"मंजी मुकादम!" समोरचा समाधानाने मान हलवतो.

शेवटच्या वर्षाला आम्हाला एक छोटी फिल्म करावी लागते. पास-नापास तिच्यावर, पुढे कुणी दारात उभं करेल की नाही तेही तिच्यावर. मी ढिगाने कथा वाचल्या, समीक्षा वाचली, आणि विषय काढला: गावाकडची एक आई, शहरात गेलेल्या मुलाची दारात बसून वाट बघते. झालं. नाव इतकं जड ठेवलं होतं की आता उच्चारायला लाज वाटते.

आईच्या कामाला कोण घ्यायचं? "नट नकोत, खरी माणसं घ्या," असं आमचे सर सारखे सांगतात. खरी आई मला एकच होती. कॉलेजचा कॅमेरा घेतला, उदगीरची गाडी पकडली आणि घर गाठलं.

माय दारातच होती. माझ्या गालावरून हात फिरवून तिने स्वतःच्या कानशिलावर बोटं मोडली.

"किती वाळलास रे बाळू! किती दिस हायस आता?"

"उद्या शूटिंग, माय. उद्याच दुपारच्या गाडीनं परत."

तिचा हात तसाच थांबला. मग म्हणाली, "बरं. शेंगाच्या पोळ्या तर करते रातच्याला." मी दिवाळीलाही आलो नव्हतो, हे तुम्हाला इथंच सांगून टाकतो.

आता थोडं कॅमेऱ्याचं ऐका, जांभया देऊ नका. ह्या कॅमेऱ्यात चित्रणाचं बटण एकच. एकदा दाबलं की चालू, परत दाबलं की बंद. चालू असला की मागच्या छोट्या पडद्याच्या वरच्या कोपऱ्यात लाल ठिपका दिसतो आणि पुढे एक लाल दिवा पेटतो. एवढं शेंबड्या पोरालाही कळतं.

पण आम्ही पडलो कलावंत! मी पडद्यावर वरखाली काळी चिकटपट्टी लावली. तशी लावली की चौकट लांबट होते आणि आमच्या ओट्यावरचा फुटका रांजणसुद्धा परदेशातल्या महोत्सवातला वाटायला लागतो. लाल ठिपका त्या पट्टीखाली गेला. पुढच्या दिव्यावरही पट्टी लावली, कारण माय सारखी त्याच्याकडेच बघायची आणि विचारायची, "ह्यो कामून पेटलाय?"

स्टँडवर कॅमेरा लावून मी पाणी प्यायला आत गेलो. बाहेर येतो तर माय पदराने कॅमेरा घासूनपुसून लख्ख करायलीय!

"किती धूळ बसलीय रे ह्याच्यावर!"

"माय, हात नको लावूस!"

तिने चट्दिशी हात काढला. एवढंच घडलं. लक्षात असू द्या.

शूटिंग सुरू झालं. शेजारच्या शांताक्का तुरी निवडायचं सूप घेऊन त्यांच्या ओट्यावर येऊन बसल्या. प्रेक्षकही आला. मी "रोलिंग!" म्हणून बटण दाबलं.

माय माझ्याकडे बघून तोंडभर हसली.

"कट!" मी बटण दाबलं. "माय, हसायचं न्हाई. तुझा पोरगा आलेला न्हाई."

"आलाय की. ह्यो काय, हितं उभारलाय."

"मी न्हाई! सिनेमातला पोरगा. त्यो लांब हाय. तू त्याची वाट बघायलीस."

"तू डोळ्यापुढं असल्यावर वाट कुनाची बघू रे? असं कसं जमंल?"

सांगा, ह्यावर कुठल्या पुस्तकात उत्तर आहे?

"अय्यो, टीव्हीतल्या बायासारखं कर की," शांताक्कांनी सल्ला दिला. "त्या कशा उसासा सोडत्यात!"

पुढच्या वेळी मायने असा उसासा सोडला की ओट्याखालची कोंबडी उठून शांताक्कांकडे राहायला गेली.

त्याच्या पुढच्या वेळी ऐन शॉटमध्ये मला म्हणाली, "ऊन लागायलंय तुला, सावलीत ये." मग डोकं बांधायला टॉवेल आणून दिला. मग भूक लागली का विचारलं. प्रत्येक वेळी चेहऱ्यावर तोच आनंद! लेक घरी आल्याचा. अहो, आमच्या अख्ख्या कोर्समध्ये आनंद कसा घालवायचा हे कुणी शिकवलंच नव्हतं.

शेवटी मी वैतागलो. "दिवाळीला मी आलो न्हाई, तवा कशी बसली होतीस? तशी बस!"

मायने डोक्यावरचा पदर सारखा केला.

"मग कॅमेरा तवाच आनायचा होतास," म्हणाली.

शांताक्का खळखळून हसल्या. मी हसलो नाही, माझं लक्ष उन्हाकडे होतं. ऊन भराभर वर चाललं होतं आणि माझी पदवी त्याच्याबरोबर.

कसेबसे शेवटचे दोनतीन शॉट पदरात पाडून घेतले, "कट" म्हणून बटण दाबलं आणि पळापळ सुरू झाली. गाडीची वेळ झालेली. अप्पा मोटरसायकल चालू करून उभे. बॅग भरली, दही खाल्लं, निघालो, आणि वेशीवरून परत आलो. का? कॅमेराच विसरला होता! धावत जाऊन तो बंद करून उचलला आणि तसाच पळालो.

गाडीत कॅमेऱ्यातलं कार्ड उघडून पाहिलं. शॉट घेतले होते साधारण तितके तुकडे जागेवर. प्रत्येकाच्या सुरुवातीच्या चित्रात माय दारात बसलेली. पहिला तेवढा अंधारा दिसत होता, म्हटलं असेल उन्हाची करामत. बॅटरी संपत आली होती म्हणून बंद केला आणि उदगीर सुटायच्या आत घोरायला लागलो.

आमच्याकडे काटछाट करायच्या आधी सगळं कच्चं चित्रण वर्गात बघतात. मी उभा राहून आधी एक भाषणच ठोकलं. "ह्यात मी अभिनय पूर्णपणे नाकारलेला आहे," असं एक वाक्य त्यात होतं. मग दिवे गेले.

मोठ्या पडद्यावर आधी आला मायचा पदर. नुसता पदर! पाठोपाठ आवाज: "किती धूळ बसलीय रे ह्याच्यावर!" त्यावर माझी किंकाळी: "माय, हात नको लावूस!" मग मी "रोलिंग!" म्हणालो, आणि चित्र बंद.

वर्गात हशा फुटला. आलं लक्षात? पुसताना मायच्या हाताने बटण दाबलं गेलं होतं. तिथून पुढे दिवसभर मी चालू म्हणून दाबलं की तो बंद होत होता आणि बंद म्हणून दाबलं की चालू. माझा एकही शॉट कार्डात नव्हता. होती ती फक्त दोन शॉटच्या मधली वेळ!

मग सगळं ओळीने आलं. कोंबडी शांताक्कांच्या ओट्यावर. टॉवेल. "सिनेमातला पोरगा!" म्हणून माझं ओरडणं. पोरं पोट धरून हसत होती.

पण हळूहळू हसणं कमी व्हायला लागलं. कारण त्या मधल्या वेळात मी चौकटीत यायचो, पाठमोरा. कधी कागदात डोकं, कधी फोन कानाला, कधी नुसता उन्हाकडे बघत. आणि माय माझ्याकडे बघत होती. जे मी सकाळपासून ओरडून ओरडून मागत होतो ना, ते तिच्या तोंडावर होतं. सगळंच्या सगळं. एकदा तिने माझी कॉलर नीट करायला हात उचलला, मी पुढे सरकलो, तिने हात परत घेतला. एकदा माझ्या शेजारी ताकाचा पेला ठेवला. मला दिसलाच नाही. तिने वाट पाहिली, मग त्यावर ताटली झाकली. ताक होतं हे मला पुण्यात कळलं!

शेवटचा तुकडा सगळ्यात लांब. मी बॅग भरतोय, फोन खांद्याशी धरलेला. माय दही घेऊन आली. मी न बघता तळहात पुढे केला, दही चाटलं, "येतो" म्हणालो आणि चौकटीबाहेर गेलो. मोटरसायकलचा आवाज लांब गेला. मग नुसता ओटा, दार, आणि दाराच्या चौकटीला धरून उभी असलेली माय. रस्त्याकडे बघत.

आणि मोटरसायकलचा आवाज परत आला.

काय उजळला हो तिचा चेहरा! "आलास व्हय!" म्हणून ती दोन पावलं पुढे आली. मी पळत आलो, तिच्या अंगावरून सरळ पुढे गेलो, माझा हात पडद्यावर मोठा मोठा होत आला, आणि अंधार.

दिवे लागले. सरांनी चष्मा काढून पुसला. "आईचं काम कुणी केलंय?"

"आमच्या गावातल्या... एक बाई आहेत," मी म्हणालो. लाजच इतकी वाटली!

"बाई विलक्षण आहेत. असं वाट बघणं मी पडद्यावर फार कमी पाहिलंय." सरांनी चष्मा लावला. "पण मुलाच्या कामाला हा ठोकळा कुठून आणलास? एकदाही तिच्याकडे बघत नाही! बदल त्याला. त्याचं सगळं पुन्हा शूट कर."

अख्खा वर्ग माझ्याकडे बघायला लागला. माझी पाठ सगळ्यांच्या ओळखीची होती. सरांच्या होती की नाही, देव जाणे.

"बदलतो सर," मी म्हणालो.

बाहेर येऊन मायला फोन लावला. "माय, पिक्चर बिघडला. परत शूटिंग करावं लागतंय."

"मंजी परत येनार तू?"

"व्हय."

तिने फोन कानाचा काढलेला कळला मला, कारण पुढचं शांताक्कांसाठी होतं. "अक्का! वो अक्का! बाळू येनार हाय! सगळं बिघडलंय बघा त्याचं, परत करावं लागायलंय!" माझं सगळं बिघडल्याचा एवढा आनंद आजवर कुणाला झाला नसेल.

त्या क्षणी ना पदवी हवी होती ना सिनेमा. उठावं, मिळेल त्या गाडीने जावं आणि ओट्यावर बसून ते झाकलेलं ताक प्यावं, एवढंच वाटत होतं. तिच्या आवाजात काय नव्हतं सांगा!

आणि अशा वेळी, भरल्या डोळ्यांनी, मी काय केलं असेल? फोन कानाचा काढला आणि कॉल रेकॉर्ड करायचं बटण कुठं असतं ते शोधायला लागलो!

हातातल्या फोनातून बारीक आवाज येत होता, "बाळू? ऐकायलास का न्हाई रे?"