काचेच्या बरणीतला बिवळा

ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला मी वसईच्या एका कॉलेजात वनस्पतिशास्त्राची डेमॉन्स्ट्रेटर म्हणून लागले. घर गिरीजला, वाडीतच. सायकलने कॉलेजला जायचे. आमच्या विभागप्रमुख सरांना बिवळ्याचं वेड होतं. तुंगारेश्वरच्या डोंगरात हे झाड पूर्वी पुष्कळ होतं म्हणे. त्याच्या लाकडाच्या पेल्यातलं पाणी मधुमेहावर चांगलं, असं लोक मानत; त्यामुळे उभ्या झाडाची सालसुद्धा कोणी सोडत नसे. साल निघाली की आतून रक्तासारखा लाल चीक गळतो.

"तोडायला सगळे येतात," सर म्हणायचे, "आणि लावायला जावं तर बी रुजत नाही."

ते मी करून पाहिलं होतं. बिवळ्याची शेंग पापडीसारखी चपटी, कडेने पंख असलेली आणि भलतीच टणक. टोपलीभर शेंगा पेरल्या, चार-पाच रोपं आली.

एका दुपारी सरांनी माझ्यापुढे एक जर्नल उघडून ठेवलं. सागाच्या इवल्याशा तुकड्यापासून काचेच्या नळीत रोपं केल्याचा तो लेख होता.

"बाई, बिवळ्याचं का होऊ नये?"

मला ठाऊक नव्हतं. सरांनाही नव्हतं. म्हणूनच मला ते काम हवंसं वाटलं.

साधनं अशी नव्हतीच. काम करताना हवेतले जंतू पडू नयेत म्हणून सुताराकडून समोर हात घालण्यापुरती फट ठेवलेली काचेची पेटी करून घेतली. बरण्या निर्जंतुक करायला आईचा प्रेशर कुकर नेला. ती आठवडाभर डाळ पातेल्यात शिजवत राहिली. तुकड्याला खायला क्षार, साखर, आणि ते सगळं खरवसासारखं गोठवायला अगर, म्हणजे समुद्रशेवाळाची पूड. त्यात शहाळ्याचं पाणी घालायचं होतं. त्या पाण्यात पेशींना फुटायला लावणारं काहीतरी असतं, एवढंच तेव्हा आम्हाला माहीत होतं.

बाबांनी शहाळं उतरवून दिलं आणि विचारलं, "हे पाणी कोण पिणार?"

"झाडाचा तुकडा."

"केळीला बुडाशी पिल्लं फुटतात, तसं त्याला फुटणार?"

"फुटलं तर."

बाबा हसले नाहीत. दर रविवारी चर्चमधल्या मिस्साहून परतताना ते मला विचारू लागले, "फुटलं का?"

फुटत नव्हतं. डोंगरातल्या मोठ्या झाडाच्या डहाळीचे तुकडे आम्ही घ्यायचो, औषधाच्या पाण्यात धुऊन बरणीत ठेवायचो. तिसऱ्या दिवशी पांढरी बुरशी. कधी बुरशी नसली तर तुकड्याभोवतीचा अगर चहासारखा तांबूस व्हायचा आणि तुकडा काळा पडून मरायचा. मी हात जास्त धुतले, पंखा बंद केला, दाराला ओला पडदा लावला. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि वहीत लिहायचं. बुरशी येतच राहिली. मग लक्षात आलं, ती बाहेरून येतच नव्हती. इतकी वर्षं रानात उभ्या असलेल्या झाडाच्या आतच ती होती. धुऊन कशी जाणार?

"सर, जुनं झाड सोडू या," मी म्हणाले. "शेंग फोडून आतलं बी बरणीतच रुजवू. कोवळ्या रोपाचा तुकडा घेऊ."

सर बराच वेळ वहीची पानं उलटत राहिले. "करा. पण शेंग फोडताना बोटं सांभाळा."

बोटं कापलीच. पण कवचातून सोडवलेलं बी ओल्या कापसावर आठवड्यात रुजलं. त्याच्या दोन जाड पानांच्या सांध्याचा भाग मी कापून घेतला. तांबूस रंग दिसला की तुकडा उचलून नव्या बरणीत हलवायचे. पाचव्या आठवड्यात सांध्याच्या काखेत हिरवे ठिपके दिसले. मी भिंग लावून मोजले: तीन. दुसऱ्या दिवशी चार. सरांना बोलावलं तर ते वर्ग अर्धा सोडून आले आणि बरणी उजेडाकडे धरून त्यांनी ठिपके पुन्हा मोजले.

फुटवे आले, तरी मुळं फुटेनात. त्यात पावसाळा गेला. शेवटी सहा फुटव्यांना मुळं आली. बरणीतून काढून मातीत लावली तर दोन दिवसांत तीन रोपं माना टाकून मेली. उरलेली मी घरी आणली.

बाबांनी त्यांच्याकडे पाहिलं. "यांना वारा कधी लागलाच नाही. एकदम उघड्यावर काढलंस?"

त्यांनी ती केळीच्या गर्द सावलीत ठेवली, वर काचेचे पेले उपडे घातले आणि रोज पेला थोडा थोडा वेळ जास्त उचलत गेले. दोन जगली.

ती घेऊन सर आणि मी डोंगराच्या पायथ्याशी वनखात्याच्या रोपवाटिकेत गेलो. तिथल्या गार्डने रोपाची पिशवी हातात घेऊन विचारलं, "बियाचं, का कलमाचं?"

सर माझ्याकडे पाहू लागले. मी बरणीपासून सगळं सांगितलं. तो मन लावून ऐकत होता.

"म्हणजे एका बियाची अशी कितीही होतील?"

"होतील. अजून आम्हाला नीट जमत नाही."

पुढच्या वर्षी सर निवृत्त झाले, नव्या प्रमुखांना पेटीची जागा हवी होती, आणि काम थांबलं. गार्डने दोन्ही रोपं उतारावर लावली. एक गुरांनी खाल्लं. दुसरं मी लग्नाआधी पाहून आले, तेव्हा ते माझ्या खांद्याला लागत होतं. मी नखाने त्याची साल हलकेच खरवडली. लाल चीक आला.