नगराध्यक्षांची उडी

कल्पना करा, मे महिन्याचा पहिला दिवस आहे, पाणी चौदा अंशांवर आहे आणि सगळं गाव काठावर उभं राहून तुमच्याकडे बघतंय. तुम्ही नगराध्यक्ष आहात. जर्मनीत एल्बे नदीकाठच्या आमच्या गावात दर उन्हाळ्यात नगराध्यक्षाने उडी मारल्याशिवाय पोहण्याचा तलाव उघडत नाही. आधीचे नगराध्यक्ष खाटीक होते, वजन एकशे दहा किलो. त्यांनी अठरा वर्षं उडी मारली.

आताचे नगराध्यक्ष डॉ. आर्नुल्फ क्रेचमार वकील, डॉक्टर तेही कायद्याचेच. तलावाशेजारच्या बंगलेवाल्यांच्या वतीने त्यांनी पोरांच्या आरडाओरड्याविरुद्ध दावा लावला आणि जिंकला. तेव्हापासून तलाव दुपारी दोन तास मुका असतो. मग हेच गृहस्थ 'तलाव वाचवणारा माणूस' असे फलक लावून निवडून आले. मीही मत दिलं. मी तलावाचे पंप सांभाळतो. माझी अक्कल पंपांपुरतीच, हे मान्य.

एप्रिलमध्ये त्यांनी विमा कार्यालयाला तीन पानी पत्र धाडलं: नगराध्यक्षाची उडी हे सरकारी काम समजावं की खाजगी मौज?

एक मेला साहेब सूट घालून, फाइल घेऊन आले.

"बूट काढ, आर्नुल्फ," वीब्के ल्यूडर्स म्हणाली. चव्वेचाळीस वर्षं ती इथे पोहायला शिकवते. या वर्षी तेवीस पोरांनी नावं दिली होती.

"बाई, प्रश्न कायद्याचा आहे. विम्याचं उत्तर आलेलं नाही."

"पाणी कमरेएवढं आहे. बुडायचं तर तुला खाली बसावं लागेल."

"सूटसकट मारा, डॉक्टरसाहेब," मागून कुणीतरी म्हणालं, "आम्ही वाळवून देऊ."

साहेबांनी फाइल मिटली. "उत्तर येईपर्यंत तलाव बंद."

वीब्केने पोहण्याच्या पोशाखावरचा झगा काढला आणि स्वतःच उडी मारली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. चार दिवसांनी तिला नगरपालिकेचं पत्र आलं: तलावाचा अनधिकृत वापर.

विम्याचं उत्तर ऑगस्टच्या शेवटी आलं. काम असो वा मौज, विमा लागू. तोवर उन्हाळा संपला होता, आणि तेवीस पोरं कोरडीच राहिली.

आता साहेब जिल्ह्याच्या निवडणुकीला उभे आहेत. फलकावर त्यांच्या मागे तलाव आहे. त्यात पाणी दिसतं, कारण फोटो जुना आहे.

दर शनिवारी बाजारात त्यांची प्रचाराची छत्री लागते. वीब्के तिथे जाऊन एकच प्रश्न विचारते. साहेब हसून तिच्या हातात प्रचाराचं पेन ठेवतात. तिच्याकडे सहा पेनं जमलीत.

"तू याच गावात वाढलास. तुझ्या वयाचं प्रत्येक पोर माझ्या वहीत आहे, फक्त तुझंच नाव नाही. आर्नुल्फ, तुला पोहता येतं का?"