बरा झालेला खांदा

माझ्या बायकोने मला फसवलं. खांदा बरा झाला होता, तरी दुखतो म्हणून सांगत राहिली, दिवाळीपासून थेट उन्हाळा लागेपर्यंत. आणि फसला कोण, तर मी. जुन्नर आणि आंबेगाव या दोन तालुक्यांत शर्यतीचा बैल घ्यायचा किंवा विकायचा असेल, तर लोक आधी माझ्याकडे येतात. मी दलाल आहे. पोरवयात दुसऱ्यांची जनावरं पायी बाजाराला पोचवायचो, आज जुन्नरला माझं स्वतःचं घर आहे आणि घराला लागून गोठा आहे. यातलं काही कुणी आणून दिलेलं नाही. रागीट आहे, हे मला लोकांनी सांगायची गरज नाही. पण बैलाच्या बाबतीत मला फसवलं असं म्हणणारा माणूस अजून भेटलेला नाही. लंगडा बैल ताजा करून दाखवणारे, सुजलेल्या खांद्यावर हळद आणि झूल टाकून आणणारे, सगळे पाहिले. दुखणं लपवणारा मला लांबून कळतो. नसलेलं दुखणं दाखवणारं मात्र मी कधी पाहिलंच नव्हतं. जनावरांच्या बाजारात तसं कोण कशाला करेल?

तिचा खांदा खरोखर दुखत होता, सुरुवातीला. वरच्या फळीवरचा डबा काढायला गेली आणि हात अर्ध्यातच अडकला. नंतर नंतर तर हात मागे जाईना. अंबाडा सुनेकडून घालून घ्यावा लागायचा आणि त्याची तिला लाज वाटायची. मी म्हणालो, तेल लाव, शेक दे. तिने तेल लावलं, शेक दिला. रात्री कुशीवर झोपता येत नव्हतं, ते मला फार उशिरा कळलं, तेही सुनेने सांगितलं तेव्हा.

डॉक्टर म्हणाले, खांदा आखडलाय. गोळीने ठणका कमी होईल, पण हात वर जायचा असेल तर हलवावा लागेल, रोज, हळूहळू. बाजारपेठेतल्या एका गल्लीत पिठाच्या गिरणीवर हॉल आहे, तिथे सकाळी बायकांचा व्यायामाचा वर्ग चालतो, तिकडे पाठवा. वर्ग घेणारी तिथल्याच एका मुसलमान घरातली सून होती. पुण्याला शिकून आलेली, बोलायला गोड आणि ऐकायला अजिबात तयार नसणारी.

मी सवयीने तिच्याशी घासाघीस केली. म्हणालो, दुखणं एका खांद्याचं आहे, बाकी बाई ठणठणीत आहे, तेव्हा फीसुद्धा त्या मानाने घ्या.

ती हसली नाही. म्हणाली, "काका, तुम्ही बैल विकताना एक पाय वेगळा विकता का?"

मागे भिंतीला टेकून उभ्या असलेल्या चार बायका मात्र खो-खो हसल्या. त्यांच्यात माझी बायकोही होती. तेव्हाच मला थोडं खटकलं होतं. तिला असं हसताना मी बऱ्याच दिवसांत पाहिलं नव्हतं.

पहिले काही दिवस मी तिला मोटारसायकलवरून सोडायला जायचो आणि जिन्यात उभा राहून बघायचो. व्यायाम म्हणजे माझ्या डोळ्यांसमोर जोर, बैठका आणि घाम. इथे उडी नाही, पळणं नाही. जागच्या जागी पावलं टाकायची, हात झुलवायचे, कंबर दोन्ही बाजूंना वळवायची. मग भिंतीला बोटं लावायची आणि मुंगीसारखी वर वर चालवत न्यायची. खुर्चीवरून हात न टेकता उठायचं, पुन्हा सावकाश बसायचं. टाचा उचलायच्या. ज्यांना उभं राहवत नाही त्या म्हाताऱ्या खुर्चीवर बसूनच सगळं करायच्या. तरण्या बायकांच्या हातात पाण्याच्या भरलेल्या बाटल्या असायच्या. एकाच गाण्यावर, एकाच चालीने, जिला जितकं झेपेल तितकं.

मी घरी येऊन चेष्टा केली. म्हणालो, एवढ्याला व्यायाम म्हणतात होय, आमचा बैल तरी याला व्यायाम म्हणेल का. खरं तर बोलतानाच मला कळत होतं, की माझं म्हणणं चुकतंय. घाटात, म्हणजे शर्यतीच्या धावपट्टीवर, बैल कधी थेट गोठ्यातून काढून जुंपत नाहीत. आधी त्याला फिरवतात, अंग मोकळं करतात, खांदे चोळतात, शर्यत नसेल त्या दिवसांत पोहायला नेतात. लोणीच्या एका मालकाला मी स्वतः झापलंय, की थंड अंगाने पळवशील तर बैल मोडशील. बैलाला हे सगळं लागतं हे मला कळत होतं. बाईला लागतं, हे मनात आलंच नाही. घरात सकाळपासून राबते, तोच व्यायाम, असं मी धरून चाललो होतो.

मुळात अडचण चहाची होती. माझ्याकडे गिऱ्हाइकं सकाळीच येतात. बैल उन्हाच्या आधी बघायचा असतो. आलेल्याला चहा द्यावा लागतो, आणि चहा नेमका तिच्या वर्गाच्या वेळेला लागायचा. सून करायची, पण सुनेचं बाळ लहान. म्हणून मी बायकोला एक अट घातली. मोटारसायकलला किक मारता मारता, मान न वळवता म्हणालो, "खांदा सुटेपर्यंत जा. सुटला की बंद."

ती म्हणाली, बरं.

दिवाळी झाली. थंडी पडली. हात आता कानापर्यंत जातो, असं ती म्हणायची, पण त्याच्या वर नाही. फळीवरचे डबे सून काढायची. कधी मी काढायचो. मी विचारायचो, अजून किती दिवस? ती खांदा चोळत म्हणायची, बाई म्हणतात, असल्या दुखण्याला वेळ लागतो. आणि पाठ फिरवायची.

मग उन्हाळा लागता लागता एका सकाळी मी लोणीला एक खोंड बघायला निघालो होतो. मंचरच्या अलीकडेच मालकाचा फोन आला, की पाहुण्यांत मयत झालीय, आज नको. मी परत फिरलो. वेळ होता, म्हटलं तिला घेऊनच घरी जाऊ. जिना चढलो.

ती पुढे उभी होती. वर्ग घेणारी बाई मागच्या भिंतीशी कुणाच्या तरी पाठीला हात लावून बसली होती आणि पुढे माझी बायको. समोर खुर्चीवाल्या म्हाताऱ्यांची रांग. बायकोच्या दोन्ही हातांत बाटल्या, आणि दोन्ही हात सरळ डोक्यावर. कोपर कानाला लागलेलं. मोठ्याने मोजत होती. एक म्हातारी मध्येच थांबली तर तिला म्हणाली, "आजी, हात खाली आला की माझं मोजणं पुन्हा पहिल्यापासून बरं का." म्हातारी म्हणाली, "मोज बाई, इथं तुला नवऱ्याचा चहा करायचा न्हाई, म्हून मोजतीस." सगळ्या हसल्या. तीही हसली, हात वरच ठेवून.

मी आत गेलो नाही. खाली उतरलो. गाडी चालू केली आणि तिला न घेताच निघालो. राग आला होता. त्या वेळी फक्त रागच होता.

घरी आल्यावर तिला ते सांगण्याऐवजी मी तिची परीक्षा घ्यायचं ठरवलं. दुपारी ती स्वयंपाकघरात असताना म्हणालो, ती वरची परात दे. तिने उजवा हात उचलला, कानापाशी आणला, चेहरा आवळला आणि थांबली. म्हणाली, सुनेला सांगते.

मी दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच केलं, वेगळं भांडं सांगून. हात बरोबर तिथेच थांबला. तेव्हा मला माझीच लाज वाटली. खरं दुखणं रोज एका जागी थांबत नाही, एक दिवस जरा पुढे जातं, एक दिवस लवकर अडतं. इतकी साधी गोष्ट. बैल असता तर पहिल्याच दिवशी ओळखलं असतं. इथे इतके महिने मी तिच्या हाताकडे नीट बघितलंच नव्हतं.

लाज वाटली म्हणून राग कमी झाला असं नाही. उलट वाढला. मी म्हणालो, "दोन्ही हात वर केलेले मी बघितलेत. गिरणीवर. कुणाला बनवतीस?"

तिने हात खाली घेतला. ओट्याला टेकली. घाबरेल असं वाटलं होतं, पण घाबरली नाही. म्हणाली, "खांदा सुटला असं सांगितलं असतं, तर दुसऱ्या दिवशी गेले असते का मी?"

मी ओरडलो, की विचारायचं होतंस. तोंड नव्हतं का तुला?

"विचारलं होतं, बरी झाल्यावरही जाऊ का म्हणून."

कधी, म्हटलं.

"ते चाकणचे लोक बैल बघायला आले होते, त्या दिवशी. तुम्ही म्हणाला, बरा झालेला बैल कुणी दवाखान्यात नेतं का. सगळे हसले. मी चहा ठेवून आत आले."

मला आठवत नव्हतं. खरंच आठवत नव्हतं. पण ते वाक्य माझंच आहे, हे मला लगेच कळलं. असंच मी बोलतो. गिऱ्हाइकांसमोर असं बोललं की सौदा हलका होतो. मी आणखी थोडा वेळ ओरडलो, नवऱ्याशी खोटं बोलणं वगैरे, आणि ती ऐकत राहिली. सून बाळाला घेऊन मागच्या दारी गेली. माझा आवाज मला मोठा वाटायला लागला तसा मी गोठ्यात निघून गेलो.

दुसऱ्या दिवसापासून ती वर्गाला गेली नाही.

मी जाऊ नको म्हटलं नव्हतं. जा असंही म्हटलं नाही. सकाळी गिऱ्हाइकं आली, चहा आला, तिच्याच हातचा. फळीवरचे सगळे डबे तिने एका दुपारी खाली घेतले, पुसले, परत वर ठेवले. दोन्ही हातांनी. माझ्यासमोर. तक्रार केली असती तर मला उत्तर देता आलं असतं. भांडणाची मला सवय आहे. हे मात्र मला पेलेना. आलेल्या माणसाशी बोलता बोलता मी भाव विसरायला लागलो.

आठवडे बाजारात ती खुर्चीवाली म्हातारी भेटली. मला ओळखून पुढ्यातच उभी राहिली. म्हणाली, "भाऊ, आमची मोजणारी कुठं ठिवली?"

मी म्हणालो, बरी झाली ती.

"बरी झाली म्हून बंद? मंग आमी काय मरायला जातो व्हय तिथं?" आणि काठी टेकत निघून गेली. तिच्या पिशवीतली मेथी बाहेर लोंबत होती. भाजीवाला दोनदा काय देऊ म्हणून विचारत होता.

त्या दिवशी मी गिरणीवर गेलो. वर्ग सुटलेला होता. वर्ग घेणारी बाई खुर्च्या एकावर एक रचत होती. मी म्हणालो, पुढच्या महिन्याचं मी भरून ठेवतो, एक रुपयाही कमी न करता. ती म्हणाली, काका, तुमच्या भरण्याने काय होणार? त्यांना यायचं असेल तर त्या येतील. दार उघडंच असतं. मी म्हणालो, तुम्ही फोन करा. ती म्हणाली, केला होता. त्या म्हणाल्या, आता दुखत नाही.

घरी येऊन मी बायकोला म्हणालो, "जा की वर्गाला."

"कशाला? दुखत नाही."

"नसलं दुखत तरी जा."

ती भाकरी थापत होती. थापणं थांबवलं नाही. "हेच आधी म्हणाला असता," ती म्हणाली, "तर मला एवढं नाटक करावं लागलं नसतं. थकले हो मी त्या नाटकाने. खांद्यापेक्षा ते जड झालं होतं."

दोन दिवसांनी सकाळी ती निघाली. मला सांगितलं नाही, गाडीवर सोडा म्हणाली नाही. पायीच गेली. मी गोठ्यातून पाहिलं. पावलं झपाझप टाकत होती, हात मोकळे सोडून. आलेल्या गिऱ्हाइकाला मी स्वतः चहा करून दिला. साखर जास्त पडली. तरी त्याने कप रिकामा केला.

एवढ्यावर मी गप्प बसेन असं कुणाला वाटलं तर ते मला ओळखत नाहीत. फसवणूक झाली ती झालीच, आणि ती माझी झाली. पण आता रोज रात्री ताटावर बसलो की माझ्या डोक्यात तेच फिरतं. ती म्हणते, मला गोड आवडत नाही. ती म्हणते, मला भीमाशंकरला यायचं नाही, गाडीत मळमळतं. ती म्हणते, नवीन लुगडं कशाला, आहेत की. माहेरी जायचं म्हटलं की म्हणते, आता तिथे कोण आहे माझं. इतकी वर्षं मी हे सगळं जसंच्या तसं घेतलं. कुठलंही जनावर मी असं न तपासता घेतलेलं नाही.

यातलं खरं किती? आणि मला विचारण्यापेक्षा तिला खोटं सोपं वाटलं म्हणून किती? तिने माझ्यासमोर बसावं आणि एकेक सांगावं. मी मध्ये बोलणार नाही, ओरडणार नाही, गिऱ्हाईक आलं तर परत पाठवीन. पण उत्तर मला पाहिजे, आणि ते तिलाच द्यावं लागेल.