लोड टेस्टच्या दिवशी पुलाखाली

बुटीबोरीच्या पुढे हायवेवरचा जुना पूल थकला होता. जड ट्रकना त्यावर बंदी झाली, नव्या पुलाचं काम निघालं. तोवर वाहतूक चालावी म्हणून शेजारी लोखंडी बेली ब्रिज टाकायचा हुकूम आमच्या इंजिनिअर कंपनीला आला. मी तेव्हा कॅप्टन होते, ब्रिज कमांडर.

बेलीवरचा नियम साधा असतो. एका वेळी एकच ट्रक, माणसाच्या चालीनं. झेंडीशिवाय चाक हलत नाही. जनरलची गाडी असली तरी थांबते. झेंडी हवालदार दामोदर मेश्रामकडे होती. उमरेडकडचा माणूस. कोणी हॉर्न वाजवला की म्हणायचा, "काहून घाई करून राहिला गा? सासुरवाडीले चालला का?"

नव्या पुलाच्या कंत्राटदाराचे गिट्टीचे ट्रक मर्यादेबाहेर भरलेले असत. मेश्राम ते परत पाठवायचा. एकदा कंत्राटदार माझ्या तंबूत आला.

"मॅडम, पूल आम्हीच बांधून राहिलो. आमच्याच गाड्या अडवता?"

"हो."

त्यानंतरच्या आठवड्यात, भर दुपारी, संत्र्यांचा ट्रक पुलाच्या मध्यावर असताना वायरलेसवर मेश्रामचा आवाज आला.

"ब्रिज टू कंट्रोल. मागून गिट्टीवाला घुसला. थांबत नाही. ओव्हर."

"पुढची गाडी काढ. तू बाजूला हो. ओव्हर."

तो हटला नाही. मेश्राम धावत पुढे गेला आणि लाल झेंडी घेऊन गिट्टीच्या ट्रकसमोर उभा राहिला. ड्रायव्हरनं ब्रेक मारला, उशिरा. संत्र्यांचा ट्रक पार झाला. पूल टिकला. मेश्राम गेला.

चौकशीत कंत्राटदार म्हणाला, हवालदारानं हिरवी झेंडी दाखवली. म्हणजे चूक मेलेल्याची. त्याचा ड्रायव्हर गायब होता. तो मला शहरात, इतवारीत भावाच्या खोलीवर सापडला. मी धमकी दिली नाही. मेश्रामची बायको सुनंदा चौकशीला रोज येऊन बसते, तिच्यासमोर खोटं बोलून दाखव, एवढंच म्हणाले.

तो आला आणि बोलला. "झेंडी लालच होती. शेठ म्हणे, फौजी आपोआप हटते, घाल गाडी."

मेश्रामच्या नावावरचा डाग गेला. कंत्राटदार जामिनावर सुटला, काम त्याच्याकडेच राहिलं. मी ते विसरले नाही. विसरायचा विचारही नव्हता.

पूल तयार झाला. बेली काढण्याआधी नव्या पुलाची लोड टेस्ट आमच्यासमोर व्हावी, अशी अट मी घालून ठेवली होती. भरलेले ट्रक पुलावर उभे करून गर्डर किती वाकतो ते मोजतात. आम्हा सॅपर, म्हणजे फौजी इंजिनिअर लोकांत एक रीत आहे: पहिला भार चढतो तेव्हा बांधणारा पुलाखाली उभा राहतो. सगळ्या साहेबांसमोर, कॅमेऱ्यांसमोर मी ती कंत्राटदाराला सांगितली. नाही म्हणायची सोय नव्हती.

तो खाली गेला. वर त्याच्याच गिट्टीचे ट्रक एकामागून एक चढले. तो मान वर करून गर्डरकडे बघत होता. शर्ट पाठीला चिकटला होता.

थोड्या वेळानं मोजमाप घेणारा इंजिनिअर म्हणाला, "मॅडम, वर बोलावू त्यांना?"

मी शेजारी उभ्या सुनंदाकडे पाहिलं. तिला मीच बोलावून घेतलं होतं.

"काहून?" ती म्हणाली. "पूल चांगलाच बांधला असंन ना त्यानं? मंग राहू द्या उभा."

मी दोन खुर्च्या मागवल्या. आम्ही काठावर बसलो, आणि ती मला दामोदरबद्दल सांगू लागली. लग्नात त्याचा बूट हरवला तिथपासून. तिचं बोलून होईपर्यंत मी कंत्राटदाराला वर येऊ दिलं नाही. तिच्याकडे सांगण्यासारखं पुष्कळ होतं.